सूत्र खोटं होतं, नाडी नव्हती

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, घर खानापूर तालुक्यात. गेल्या वर्षी गोव्यात अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन केली. १.९ किलोमीटर पोहायला ४८ मिनिटं, ९० किलोमीटर सायकलला ३ तास ५ मिनिटं लागली. पुढचे २१ किलोमीटर पळायला मात्र २ तास ५८ मिनिटं गेली. एरवी तेवढंच अंतर ते दोन तासांच्या आत पळतात. शर्यतीत खायचं साखरेचं जेल पोटात ढवळत राहिलं आणि शेवटचे बारा किलोमीटर बहुतेक चालतच काढले. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळात ‘२२० वजा वय’ या हिशेबाने मिनिटाला कमाल ठोके १७७ भरलेले होते. सायकलवर घड्याळ पहिल्यापासून लाल दाखवत होतं, सरासरी १५७ आली. पण त्याआधी एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत याच घड्याळाने १८९ दाखवले होते. त्यामुळे ‘याला काही कळत नाही’ असं म्हणून त्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. आता पुढच्या वर्षी परदेशात पूर्ण अंतराची शर्यत आहे: ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर. ग्रुपमधले ज्येष्ठ म्हणतात, घड्याळ काढून फेक. एक तरुण मित्र म्हणतो, पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) घे. बायको म्हणते, मामंजींना अठ्ठावन्नाव्या वर्षी अटॅक आला होता, आता पुरे करा. त्यांचे प्रश्न दोन: १८० किलोमीटर सायकल किती ठोक्यांवर चालवू, तो एक आकडा सांगा. आणि पळण्याचा सराव किती वाढवू?

नमस्कार भाऊ,

पंचवीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवल्यामुळे मैदानावरचा मुलगा दमलाय की रुसलाय, हे मला लांबून कळतं. तुमचं पत्र वाचताना तसंच झालं. तुम्ही दमलात हे खरं, पण त्याहून जास्त तुम्ही घड्याळावर रुसलाय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. तुम्ही धरून चाललाय की पळणं कच्चं पडलं. जो माणूस मोकळ्या अंगाने २१ किलोमीटर दोन तासांच्या आत पळतो, त्याचं पळणं कच्चं नाही. नव्वद किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर दहा-वीस मिनिटं जास्त लागतात, ते सगळ्यांनाच लागतात. तुमचा तास गेला. तो तास तुम्ही पळताना घालवला नाहीत, सायकलवर आधीच खर्चून बसला होता. हिशेब फक्त पळताना आला. त्या दिवशी सायकल दहा-बारा मिनिटं हळू चालवली असती, म्हणजे तासाला २९ ऐवजी साडेसत्तावीस किलोमीटर, तर माझ्या अंदाजाने पळण्यातली अर्धा-पाऊण तास चाल वाचली असती. पळण्याचा सराव दुप्पट करून हे दुरुस्त होणार नाही. उलट गुडघा धराल.

आता घड्याळ. २२० वजा वय हे सूत्र १९७१ सालचं आहे. ते कुणी मोठा काटेकोर प्रयोग करून काढलेलं नाही. आधीच उपलब्ध असलेल्या आकड्यांवरून मारलेली ती एक ढोबळ रेघ होती. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, काहींत त्याहून जास्त. २००१ मध्ये ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं जरा बरं सूत्र आलं. त्याने तुमचा आकडा १७८ येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत तेही जवळपास तिथेच. दोन्ही सूत्रं गावच्या सरासरी उंचीवरून तुमचा शर्ट शिवतात.

तेव्हा सूत्रावरचा तुमचा संशय रास्त आहे. पण मग १८९ वर एवढा विश्वास का? तो मनगटावरच्या सेन्सरने दाखवलेला आकडा. मनगटाचा सेन्सर कातडीखालच्या रक्ताची हालचाल उजेडाने टिपतो, आणि पळताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल धरून बसतो. जोरात पळताना मिनिटाला १८०-१९० पावलं पडणं काही विशेष नाही. तो १८९ तुमच्या काळजाचा होता की बुटांचा, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही नाही. छातीला बांधून ठोके मोजणारा पट्टा घ्या. पॉवर मीटरच्या मानाने तो किरकोळ खर्च आहे आणि आज तुम्हाला त्याचीच गरज आहे.

पत्रात खरी गफलत इथे झाली आहे. सूत्र खोटं निघालं म्हणून तुम्ही नाडीही खोटी ठरवलीत. त्या दिवशी लाल रंग चुकीच्या पट्टीने मोजलेला असेलही, पण १५७ ठोके तीन तास चालू होते, पोट ढवळत होतं, आणि (तुम्ही हे लिहिलं नाहीत, पण माझी खात्री आहे) शेजारून जाणाऱ्याशी एक वाक्य बोलायला तुमच्यात दम नव्हता. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. तुम्ही एकाची उलटतपासणी केलीत आणि तिघांनाही घरी पाठवलंत.

ग्रुपमधले ज्येष्ठ म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त अर्धं. ठोके हा उशिरा पोचणारा निरोप आहे. चढावर तुम्ही जोर लावता तेव्हा पाय लगेच जळतात, धापही लवकर लागते, आणि आकडा अर्ध्या-एक मिनिटाने वर येतो. वीज आधी, गडगडाट मागून. राजहंसगडाच्या चढावर आकड्याकडे बघत सायकल चालवाल तर जोर ओसरल्यावर घड्याळ ओरडेल. म्हणून चढावर श्वासाचं ऐकायचं, सपाटीवर आकड्याचं. पॉवर मीटर जोर लगेच दाखवतो, हे खरं. पण तुम्ही किती वॅट मारताय एवढंच तो सांगतो. उन्हाने, उपाशीपणाने, रात्रपाळीने शरीराचं काय झालंय, हे त्याला कळत नाही. पैसे असतील तर पुढे घ्या. आज नाही.

आणि ‘एक आकडा सांगा’ या मागणीबद्दल. तुम्ही फाउंड्रीत आहात, तर तुमच्याच भाषेत सांगते. भट्टीवर जे तापमान दिसतं ते मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, पोचेपर्यंत राहत नाही. रस ओतायच्या लॅडलमध्ये निवतं, वाटेत निवतं, पहिला मोल्ड आणि शेवटचा मोल्ड यांत फरक पडतो, आणि तो धरूनच तुम्ही पोअरिंग करता. शरीराचं उलट्या दिशेने तसंच आहे. पहिल्या तासाला १४० ठोके आणि सहाव्या तासाला १४० ठोके हे एकच काम नव्हे. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, प्रत्येक ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्त घटतं. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा आपटावं लागतं. वेग तोच ठेवूनही काही तासांत दहा ते वीस ठोके वर जाऊ शकतात.

इथे माझी चूक सांगते, ती तुमच्या बरोबर उलटी आहे. गोव्यात २०१९ मध्ये ही अर्ध्या अंतराची शर्यत सुरू झाली, आणि त्यानंतर एका वर्षी मीही उतरले. मी १४० हा आकडा मनाशी धरला आणि देवाची आज्ञा असल्यासारखा पाळला. दोन तास छान गेले. मग ऊन चढलं, ठोके आपोआप वर सरकायला लागले आणि मी वेग कमी करत गेले. शेवटच्या तासात वाऱ्यावर चाललेल्या म्हातारीसारखी सायकल चालवत होते. श्वास शांत, पाय ताजे आणि वेग शून्य. मुदत संपायला थोडीच मिनिटं असताना पोचले. रस्त्याकडेची एक बाई ‘हळू जा की गं’ म्हणाली, ते अजून आठवतं. तिला काय ठाऊक, मी त्याहून हळू जाऊ शकत नव्हते.

म्हणून आकडा छत म्हणून वापरायचा, लक्ष्य म्हणून नाही. छत पहिल्या दोन-अडीच तासांत कडक पाळायचं, कारण तेव्हाच तुम्हाला सगळं सोपं वाटतं आणि तेव्हाच लोक तुम्हाला ओलांडून जातात. नंतर पाच-सहा ठोके वर गेले, पण श्वास नाकातोंडाने सहज चालू आहे, अर्धं वाक्य बोलता येतंय, पोट स्वीकारतंय, तर जाऊ द्या. ठोके वर, वेग खाली आणि पोट बंद, असं तिन्ही एकदम झालं की थांबून डोक्यावर पाणी ओता, मीठ-पाणी घ्या, दहा मिनिटं अगदी हळू जा.

आता तो छताचा आकडा. तो मी देऊ शकत नाही, तुमचं शरीर देईल. छातीचा पट्टा बांधून, दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करून, एकट्याने तीस मिनिटं जितक्या जोराने सलग टिकेल तितकं जायचं. पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी घ्यायची. हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर टिकणाऱ्या जोराचे ठोके. सायकलवर एकदा, पळताना एकदा, मध्ये तीन-चार दिवस विश्रांती. दोन्ही आकडे वेगळे येतात. सायकलवरचा बहुतेकांचा पाच-दहा ठोके कमी असतो. पळण्याचा आकडा सायकलला लावणं हीसुद्धा सर्रास होणारी चूक आहे.

समजा सायकलवर १६४ आला. पूर्ण अंतराच्या शर्यतीसाठी त्याच्या ८१ ते ८९ टक्क्यांचा पट्टा धरतात, म्हणजे १३३ ते १४६. तुमची पहिलीच वेळ आहे, त्यामुळे १४० हे छत. चढावर पाच-सात ठोके वर चालतील. (अर्ध्या अंतरासाठी तयारी करणाऱ्या वाचकांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास राहायला हरकत नाही.) आता याच मापाने गोव्यातला तुमचा १५७ बघा: शहाण्णव टक्के. थ्रेशोल्डचा जोर टिकतो तासभर. तुम्ही त्याच्या उंबऱ्यावर तीन तास उभे होतात.

त्या जोरावर शरीर जवळजवळ फक्त साखर जाळतं. स्नायू आणि यकृत मिळून साठा चार-पाचशे ग्रॅमचा, म्हणजे दोनेक हजार कॅलरी. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसातही न संपणारा, पण तो सावकाश जळतो. चुलीत नुसतं पाचट घातलं तर जाळ मोठा होतो आणि भात कच्चा राहतो. शिवाय जोर वाढला की पोटाकडचं रक्त पायांकडे जातं, मग जेल पडून राहतं. तुमचं जेल खराब नव्हतं. छताखाली राहिलात तर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोट घेतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून, सवय केल्यावर, नव्वदपर्यंत. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम धरा. गोकाकचा करदंट लांबच्या सरावाला उत्तम, मी स्वतः नेते, पण शर्यतीत नको: सुकामेवा आणि डिंक पचायला वेळ घेतात. आणि पाणी तहानेप्रमाणे. भीतीपोटी बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन जिवावर बेतू शकतं.

१९७८ साली हवाईत ही पूर्ण अंतराची शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा पोचले. पळण्यातही बराच वेळ पुढे असलेल्या गड्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. म्हणजे ही भानगड तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

बेळगावकरांसाठी एक खास गोष्ट, जी मोठ्या शहरांतल्या प्रशिक्षकांच्या तक्त्यात सापडत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, गार हवेत सराव करतो आणि शर्यतीला चोर्ला घाट उतरून दमट किनाऱ्यावर जातो. इथे १४० ठोक्यांवर जो वेग मिळतो, तो तिथे मिळत नाही. तुम्ही म्हणाल, मला भट्टीची सवय आहे. ती थोडी उपयोगी पडेल, पण भट्टीची धग कोरडी असते आणि घाम वाळतो. पणजीत घाम वाळतच नाही, नुसता टपकतो. शर्यत दमट ठिकाणी असेल तर दोन-तीन रविवार गाडीत सायकल टाकून गोव्यातल्या साखळी गावापर्यंत उतरा आणि सकाळी नऊनंतर त्याच छताखाली दोन तास चालवून बघा. वेग किती पडला ते लिहून ठेवा. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. ते शर्यतीच्या आधीच्या पंधरवड्यात दुपारच्या हळू पळण्यातूनही थोडंफार जमतं.

सरावाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याकडे तक्ता असेलच. एक मात्र बदला: ग्रुपची रविवारची राइड. जांबोटीपर्यंत ती राइड असते, तिथून पुढे शर्यत होते, हे तुम्हालाही माहीत आहे. महिन्यातून तीन रविवार एकट्याने, तास-दीड तास आधी निघा, छताखाली चालवा आणि चहाला त्यांना गाठा. परतीच्या वेळी पहिल्या अर्ध्याची आणि दुसऱ्या अर्ध्याची सरासरी बघा. रस्ता आणि वेग सारखाच असून ठोके पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढले असतील, तर त्या अंतराला पाया अजून पक्का नाही. हे तुमच्या ज्येष्ठांनाही पटेल.

त्यांच्या समाधानासाठी आणखी एक. आठवड्यातून एक पळणं घड्याळावर चिकटपट्टी लावून करा. दर दहा मिनिटांनी आकडा मनाने ओळखा, मोठ्याने बोला, मग पट्टी उचलून बघा. दोन महिन्यांत तीन-चार ठोक्यांच्या आत अंदाज यायला लागतो. पट्टा शर्यतीतच बंद पडला तर ही सवय कामी येते, आणि तो नेमका शर्यतीतच बंद पडतो.

शर्यतीच्या दिवशी पाण्यात आकडा विसरा. गर्दीच्या कडेला उभे राहा, पहिली पाच मिनिटं श्वास पूर्ण बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. पाण्याबाहेर येऊन सायकलवर बसाल तेव्हा ठोके छताच्या वर असतील. पंधरा-वीस मिनिटं हलका गिअर ठेवा, ते उतरतात. तेव्हा घाबरायचं नाही आणि त्यांना खरंही मानायचं नाही. पळण्याचे पहिले दहा किलोमीटर लाज वाटेल इतके हळू. प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी तीस पावलं चाला, ठरवून. ठरवून चालणं आणि नाइलाजाने चालणं यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. बहुतेक ठिकाणी पूर्ण अंतराला सतरा तास असतात. तुमच्या दमाच्या माणसाला ते पुरतात.

आता वहिनी. त्यांच्या बोलण्याकडे तुम्ही अडथळा म्हणून बघताय. मला त्या या सगळ्यात सर्वांत नेमकं बोललेल्या वाटतात. वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी अटॅक, तुमचं वय ४३, आणि तुम्ही तीस मिनिटं जीव तोडून चाचणी करणार. आधी हृदयतज्ज्ञांकडे जा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि ते सांगतील तर ट्रेडमिल टेस्ट किंवा इको. वहिनींना सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटणं, नेहमीच्या वेगाला अचानक न झेपणारी धाप: यांतलं काही झालं तर घड्याळ काहीही दाखवो, सराव तिथेच थांबवायचा आणि लगेच डॉक्टर. कुठल्याही सल्ल्यात याला अपवाद नाही.

इतर वाचकांसाठीही: रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर ठोके नेहमीसारखे वर चढत नाहीत, तेव्हा वरचे कुठलेच टक्के लावू नका, डॉक्टरांशी बोला आणि धापेवर चाला. ताप, जागरण, रात्रपाळी यांनी त्याच वेगाला ठोके वाढतात. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांतही काही ठोके जास्त दिसतात. मुलींनो, त्या आठवड्यात चाचणी करून हिरमुसू नका.

शेवटी एक विचारते, उत्तर मला पाठवलं नाहीत तरी चालेल. सायकलवर घड्याळाकडे बघणं तुम्ही सोडलंत, तेव्हा नुकतंच कोण ओलांडून गेलं होतं? ग्रुपमधला तो तरुण मित्र तर नव्हे?

डॉक्टरांनी परवानगी दिली की सायकलची चाचणी करा आणि आकडा कळवा. पट्टा बांधताना आतली बाजू पाण्याने ओली करून घ्या. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत, म्हणजे पहिली दहा मिनिटं, तो काहीही दाखवतो, आणि तुम्ही पुन्हा रुसाल.